लोलक म्हणाला, नाटक!

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती, असं इथं लिहिता येत नाही, कारण मुंगी आत होती. दुसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी, गुडघे जुळवून बसली होती. नववीतल्या या बारक्या, भरभर चालणाऱ्या मुलीला वर्गानं हे नाव कधी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. आता तिची आईसुद्धा तिला याच नावानं हाक मारायची.

बाकी गर्दी म्हणाल तर तोबा. पालक भिंतींना टेकून उभे, मुलं जमिनीवर मांडीला मांडी लावून बसलेली, खिडक्यांच्या कठड्यांवर माजी विद्यार्थी. व्यासपीठावर शाळेचे अध्यक्ष, मुख्याध्यापिका आणि मधोमध अंतर्मन-गुरुजी. पांढरा सदरा, पांढरी विजार, पांढरे बूट. काळे होते ते फक्त केस, आणि तेही बाटलीतले.

"मनाचे मजले दोन," गुरुजी माइकमध्ये कुजबुजत होते. मोठ्यानं बोलणाऱ्याचं लोक ऐकतात, पण कुजबुजणाऱ्यावर विश्वास ठेवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "वरच्या मजल्यावर बाह्यमन. ते बडबडतं, बहाणे करतं. खालच्या मजल्यावर अंतर्मन. ते कधी खोटं बोलत नाही. का बोलत नाही? कारण त्याला जीभच नाही! मग ते बोलतं कशानं? स्पंदनांनी. लहरींनी. आणि त्या लहरी पकडतो हा लोलक."

लोलक म्हणजे दोऱ्याच्या टोकाला बांधलेला काचेचा एक मणी. तो बर्फाच्या गुहेत सापडला असं गुरुजींचं म्हणणं होतं. तसे मणी दिव्यांच्या झुंबरांना ढिगानं लोंबत असतात. मण्याखाली टेबलावर एक गोल पांढरी चकती होती. तिच्यावर एक काळी रेघ उभी, तिच्या दोन्ही टोकांना लिहिलेलं 'खरं'. तिला मधोमध छेदणारी लाल रेघ आडवी, तिच्या दोन्ही टोकांना 'नाटक'. हा शब्द गुरुजींनी घरून आणला नव्हता. आदल्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता त्यांनी विचारलं होतं, "मुलांबद्दल तुमची सगळ्यात मोठी तक्रार कोणती?" आणि सगळी खोली एका सुरात म्हणाली होती, "नाटकं!"

दहावीतला पहिल्या नंबरचा मुलगा टेबलापुढे उभा होता. दोऱ्याचं टोक चिमटीत, कोपर हवेत.

"हात हलवायचा नाही हं," गुरुजी म्हणाले. "हलवलास तर लोलक रागावतो. आता मनात विचार, माझी परीक्षेची भीती खरी की नाटक?"

मणी आधी थरथरला, मग इकडे-तिकडे भरकटला, आणि बघता बघता लाल रेघेवरून झोके घ्यायला लागला.

"मी हलवत नाहीये!" मुलगा ओरडला. "आईशप्पथ, मी नाही हलवत!"

"नाटक आहे ते, गेलं! आजपासून तुला भीती नाही!" गुरुजींनी जाहीर केलं आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

दाराशी भिंतीला पाठ लावून मुंगीच्या वर्गशिक्षिका उभ्या होत्या. त्या भूमिती शिकवायच्या, ताठ चालायच्या, ताठ बोलायच्या. मुलांनी नाव ठेवलं होतं काटकोनबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"जीभ नाही म्हणे अंतर्मनाला," त्या शेजारच्या खेळाच्या सरांना म्हणाल्या. "पण वाचता बरं येतं. खरं कुठं लिहिलंय, नाटक कुठं लिहिलंय, बरोब्बर कळतं त्याला."

खेळाचे सर टाळ्या वाजवण्यात गुंग होते.

तेवढ्यात मुंगीची आई उठली. ती एका कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची, आणि आज अर्धी पाळी बुडवून आली होती. तिनं मुलीचं मनगट धरून तिला व्यासपीठावर नेलं.

"माझ्या हिचं बघा ना, गुरुजी."

"काय होतं बाळाला?"

"श्वास अडकतो म्हणते. छातीत धडधडतं म्हणते. हाताला मुंग्या येतात म्हणते. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही नाही."

आईच्या वाक्यावाक्याला 'म्हणते'ची शेपटी होती. मागून कुणीतरी ओरडलं, "मुंगीला मुंग्या येतात!" आणि अख्खं सभागृह खो खो हसलं. मुख्याध्यापिकांनी 'शांत, शांत' म्हणायला हात वर केला, पण हसू त्यांनाही आवरलं नव्हतं.

मुंगीनं दोरा धरला. तिचे ओठ पांढरे पडले होते. "विचार मनात," गुरुजी कुजबुजले. "माझा त्रास खरा, की नाटक?"

मणी काळ्या रेघेवर जरासा डुलला. मग मणी वळला आणि लाल रेघेवरून डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे, असा झुलत राहिला.

"बघा," गुरुजी म्हणाले, "मी काही बोललो? तुम्ही कुणी काही बोललात? हिच्या अंतर्मनानंच कबुली दिली."

जमिनीवरच्या पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. "ना-टक! ना-टक!" आईच्या चेहऱ्यावर आधी राग आला आणि मग, का कोण जाणे, सुटका झाल्यासारखं काहीतरी. मुंगीनं लोकांकडे पाहिलंच नाही. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती.

"औषध सोपं आहे," गुरुजी आईला म्हणाले. "हिनं बोलायचं नाही आणि तुम्ही ऐकायचं नाही. कुणाजवळ बसून दुःखं उगाळली की नाटकाला खतपाणी मिळतं." हे म्हणताना त्यांनी सभागृहाच्या एका कोपऱ्याकडे पाहिलं, आणि तिथं बसलेल्या बाईंकडे सगळ्यांच्या माना वळल्या.

त्या शाळेच्या मानसतज्ज्ञ. खोलीच्या दारावर पाटी होती 'समुपदेशक'. हा शब्द निम्म्या शाळेच्या तोंडात मावेना, म्हणून त्याचं झालं 'उपदेशबाई'. ज्या बाईंनी कधी कुणाला उपदेशाचा एक शब्द ऐकवला नाही त्यांचं हे नाव. नाव पडलं की अर्थही त्यामागून येतो. शिक्षक एखाद्या मस्तीखोर पोराची मानगूट धरून आणत आणि म्हणत, "घ्या, जरा चांगला डोस द्या याला." उपदेशबाई त्या पोराला बसवून घेत, आणि डोस आणणाऱ्यालाच द्यावा असं त्यांना वाटत असणार. पण तसं त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांची खोली म्हणजे पूर्वी खेळाचं सामान ठेवायची जागा. तिथं अजून हवा गेलेल्या फुटबॉलांचा वास यायचा.

काटकोनबाईंचंही आधी त्यांच्याशी जमलं नव्हतं. "मुंगीला हे कशामुळं होतं ते मला कळायला हवं, मी तिची वर्गशिक्षिका आहे," असं त्या तावातावानं म्हणाल्या होत्या. उपदेशबाईंनी शांतपणे सांगितलं होतं, "ते तिचं आहे. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. तुम्हाला कारण नको, काम सांगते." काम असं होतं: श्वास अडकायला लागला की मुंगीनं पट्टी कंपासपेटीवर उभी ठेवायची. बाईंनी नुसती मान हलवायची. मुंगीनं उठून त्या खोलीत जायचं, उपदेशबाई असोत-नसोत, श्वास जागेवर येईपर्यंत बसायचं आणि परत यायचं. विचारणं नाही, सांगणं नाही, गलका नाही. झटके काही थांबले नव्हते, पण मुंगीला त्यांची दहशत वाटेनाशी झाली होती. नवीन धडा चालू असताना ती हातसुद्धा वर करायला लागली होती, आणि काटकोनबाईंना त्याचा कोण आनंद झाला होता!

लोलकाच्या दुसऱ्या दिवसापासून पट्टी पेटीतच राहिली.

"मुंगे, जायचंय का?" बाईंनी एकदा हळूच विचारलं.

"नाही बाई. माझं नाटक आहे ते."

"कोण म्हणतं?"

"दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी भांडले असते," ती म्हणाली. "माझ्याच हातानं सांगितलं ना."



पुढच्या आठवड्यात ती जिन्यावरून पडली. विज्ञानाच्या तासाला श्वास अडकला होता, आणि तिनं तो दाबून ठेवला. बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून घंटा होईपर्यंत बसली. घंटा झाल्यावर उठली, सगळ्यांबरोबर जिना उतरायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती वळणापर्यंत गडगडत गेली. डावा हात अंगाखाली आला.

मधली सुट्टी होती. वरून वर्गामागून वर्ग उतरत होते. पहिल्या मुलांनी पाहिलं आणि ती हसली. "नाटकाचा दुसरा अंक!" कुणीतरी ओरडलं. एकीनं तिच्या वेणीवर पाय पडू नये म्हणून स्कर्ट सावरत लांब ढांग टाकली. तेवढीच काय ती माणुसकी. बाकीच्यांनी तिला ओलांडलं, जसं जिन्यात सांडलेलं पाणी ओलांडतात. खेळाचे सर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "ऊठ. पुरे झालं. कुणी बघत नाहीये," असं म्हणून तेही डब्याला निघून गेले. मुंगी रडत नव्हती, हाक मारत नव्हती. रडली असती तर तेही नाटकच ठरलं असतं, एवढं गणित तिला येत होतं.

काटकोनबाई खाली आल्या तेव्हा जिना रिकामा झाला होता. त्यांनी तिचा हात पाहिला. मनगटाच्या वर, जिथं सांधा नसतो, तिथं तो वाकलेला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. कारखान्यातून धावत आलेल्या आईनं विचारलं, "मोडलंय? खरंच मोडलंय?"

"दोन्ही हाडं," डॉक्टर म्हणाले.

"निदान हे तरी खरं निघालं," आई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. काटकोनबाईंना वाटलं, या बाईच्या एक मुस्कटात द्यावी. दिली नाही, पण वाटलं खरं.

त्या संध्याकाळी त्या फुटबॉलांच्या वासाच्या खोलीत गेल्या आणि दार लावून म्हणाल्या, "त्या माणसाची चामडी सोलायचीय मला. सांगा, तो मणी हलतो कसा?"

उपदेशबाईंनी टेबलाच्या खणातून दोरा काढला, त्याला किल्ली बांधली आणि त्यांच्या हातात दिली. "हात स्थिर ठेवा. आणि किल्ली पुढे-मागे झुलतेय असं नुसतं मनात आणा."

किल्ली झुलायला लागली. काटकोनबाईंनी दचकून ती टाकून दिली.

"बोटं आपल्या नकळत हलतात," उपदेशबाई म्हणाल्या. "मनात जे घोळतं तिकडे, किंवा ज्याला आपण घाबरतो तिकडे. हालचाल इतकी बारीक असते की धरणाऱ्यालाही कळत नाही. दोरा तिला मोठी करून दाखवतो. आता तोच दोरा खिडकीच्या गजाला बांधा आणि हवं ते विचारा, ढिम्म हलणार नाही. गजाला कसली भीती?"

काटकोनबाईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे मण्याला चकतीवरचं काही कळत नाही. तो फक्त दिशा धरतो. मग चकतीच फिरवली तर?"

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"त्यापेक्षा पालकांना थोडे थोडे बोलावू. प्रत्येकाच्या हातात दोरा देऊ." उपदेशबाईंचा स्वर नेहमीसारखाच होता. "भर सभेत कुणाची फजिती केली की लोक हसतात. हसण्याच्या नादात कारण ऐकायचं राहून जातं."

"हसू देत की!" काटकोनबाई म्हणाल्या. "तिला हसले तेव्हा कुणाला कारण हवं होतं?"

गुरुजींचा पुढचा कार्यक्रम याहून जंगी होता. उपदेशबाईंच्या खोलीला आता 'अंतर्मन कक्ष' म्हणायचं आणि तिथं गुरुजींचा एक शिष्य बसवायचा, अशी घोषणा अध्यक्ष करणार होते. ती व्हायच्या आत काटकोनबाई व्यासपीठावर चढल्या.

"गुरुजी, एक अडाणी शंका आहे. अंतर्मनाला डोळे लागतात का?"

"छे, छे!" गुरुजी प्रसन्न हसले. "अंतर्मन डोळ्यांच्या पलीकडचं पाहतं."

"मग तुमचे डोळे बांधले तर चालेल?"

गुरुजी घुटमळले. पण समोर हजार डोळे होते आणि आत्ताच मारलेली बढाई अजून हवेत होती. त्यांनी चकती स्वतःच्या हातानं नीट लावली, काळी रेघ पोटासमोर उभी आली याची खात्री करून घेतली, दोरा चिमटीत धरला आणि मान पुढे केली. बाईंनी दुपट्ट्याची घडी करून त्यांच्या डोळ्यांवर करकचून बांधली.

"आता आपण सगळे विचारू," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "गुरुजींची विद्या खरी, की नाटक?"

मणी लगेच काळ्या रेघेवरून ऐटीत झुलायला लागला. पुढे-मागे, पुढे-मागे. खरं, खरं, खरं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काटकोनबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, वाकल्या आणि दोन बोटांनी चकती अलगद फिरवली. बरोबर काटकोनात.

मणी बिचारा होता तसाच झुलत राहिला. पुढे-मागे, पुढे-मागे. पण आता त्याच्याखाली लाल रेघ होती. नाटक, नाटक, नाटक.

आधी पहिली रांग फुटली. मग दुसरी. मग जमिनीवरची पोरं लोळायलाच लागली. डोळे बांधलेल्या गुरुजींना वाटलं, हा जल्लोष आपलाच. ते आणखी ताठ झाले, त्यांनी झोका आणखी मोठा केला आणि कुजबुजले, "पाहिलंत? अंतर्मन कसं उसळून साक्ष देतंय!"

मग तर लोकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. अध्यक्षांनी घाईघाईनं गुरुजींच्या डोळ्यांवरचं कापड सोडलं. गुरुजींनी खाली पाहिलं. "या बाईंची ऊर्जा दूषित आहे," एवढंच त्यांना सुचलं. काटकोनबाईंनी त्यांच्या हातातून दोरा घेतला, माइकच्या दांड्याला बांधला आणि दांड्याला विचारलं, "का हो, तुमची भीती खरी की नाटक?" दांडा गप्प. मणी मख्ख. सभागृहानं छप्पर डोक्यावर घेतलं. हा काटकोनबाईंच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा तास होता, आणि त्यांना तो मनापासून गोड लागला.

उपदेशबाई माइकजवळ आल्या. "गुरुजींचा मणी काही जाणत नाही. तो धरणाऱ्याच्या बोटांनी हलतो. नकळत..."

"म्हणजे पोरगीच हलवत होती!" मधल्या रांगेतून एक बाप ओरडला. "मग नाटकच की हो! आम्ही तेच म्हणत होतो!"

आणि लोक पुन्हा हसले. तेच लोक, तेच हसू, सूरही तोच. कोणावर हसायचं ते तेवढं दर वेळी बदलत होतं. "तसं नाही! नकळत! नकळत म्हणतायत त्या!" काटकोनबाई ओरडल्या, पण खुर्च्या सरकत होत्या, लोक एकमेकांना मणी कसा फिरला ते हातवारे करून सांगत होते. या गडबडीत गुरुजी मागच्या दारानं सटकले. दुसऱ्या रांगेत मुंगीची आई एकटी उभी होती, आणि शेजारची बाई तिला सांगत होती, "बघा, पोरीनंच फसवलं तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी दोघी बाई मुंगीच्या घरी गेल्या. एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, पलंगावर प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसलेली मुंगी. आईनं दार उघडलं.

"या. अजून काही सिद्ध करायचं राहिलंय?"

काटकोनबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली. आतून मुंगी म्हणाली, "मला कळलंय सगळं. मैत्रिणीनं सांगितलं." तिचा आवाज सपाट होता. "आधी लोलक म्हणाला नाटक. आता तुम्ही म्हणालात, लोलक मीच हलवला. म्हणजे दोन्हीकडून मीच खोटी."

"अगं, तसं नाही..." काटकोनबाईंनी सुरुवात केली. उपदेशबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि त्या थांबल्या.

उपदेशबाई आईकडे वळल्या. "तुमचा हात स्थिर असेल, नाही? शिवणकामाचा."

"कॉलर शिवते मी. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते."

"मग तुम्हीच धरा." त्यांनी मशीनवरची बॉबिन दोऱ्याला बांधली. कापडावर खुणा करायचा खडू घेऊन मशीनच्या फळीवर फुली काढली, एका रेघेवर लिहिलं 'हो', दुसरीवर 'नाही'. "हात हलवू नका. मनात विचारा, मुंगी पुन्हा पडेल का?"

"असलं अभद्र कशाला विचारू मी?"

"विचारा."

आईनं दोरा धरला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बॉबिन हलली आणि 'हो'च्या रेघेवर झुलायला लागली. आईनं दात-ओठ खात हात आवळला, तशी ती आणखीच झुलली.

"नाही! मी नाही हलवत! मला नकोय तसं!" आईनं बॉबिन भिरकावली. ती पलंगाखाली गेली.

"हलवलंत तुम्हीच," उपदेशबाई म्हणाल्या. "पण तुम्ही खोटं बोललात का?"

"नाही हो!"

"तिनं पडावं असं वाटतं तुम्हाला?"

"काय बोलता हे! आई आहे मी तिची."

"मग हात तिकडे का गेला?"

आई मशीनच्या स्टुलावर बसली. "भीती वाटते," ती म्हणाली. "ती जिन्यापाशी गेली, मोरीत गेली, तरी माझा जीव थाऱ्यावर नसतो. रात्री उठून बघते, श्वास चालू आहे का."

"तिचाही हात असाच गेला. घरी, वर्गात, सगळीकडे तिनं एकच शब्द ऐकला होता. त्या दिवशी तोच शब्द लाल शाईत लिहून तिच्या हाताखाली ठेवला. तिला त्याचीच भीती होती, म्हणून हात तिकडे गेला. यात तिनं कुणाला फसवलं?"

मुंगी आईकडे बघत होती, जणू तिला आज पहिल्यांदा बघत होती.

"आई, तू घाबरतेस?"

"तुझा पहिल्यांदा श्वास अडकला ना, त्या दिवसापासून."

"मग मला नाटक का म्हणायचीस?"

आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटींतून शब्द आले. "नाटक असलं तर बरं, असं वाटायचं गं. नाटकानं कुणी मरत नाही."

मुंगीचा श्वास तेव्हाच अडकायला लागला. छाती भात्यासारखी वर-खाली होऊ लागली, चांगल्या हाताची बोटं वाकडी झाली. आईनं ते पाहिलं. या वेळी ती 'म्हणते' म्हणाली नाही. पलंगावर चढली, तिच्या पाठीशी बसली आणि उपदेशबाई सांगत होत्या तसा, सावकाश, तिच्याबरोबर श्वास सोडत राहिली. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. काटकोनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि रडत होत्या, आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

मुंगी त्या दिवसापासून खडखडीत बरी झाली, असं लिहिलं तर गोष्ट गोड होईल. पण मग ती गुरुजींनी सांगितलेली गोष्ट होईल. झटके अजून येतात. ती त्या खोलीत जाते, बोलते, कधी नुसतीच बसते. फरक पडतोय, पण तो हाड जुळण्यासारखा पडतोय. टाळ्या वाजवाव्यात असं त्यात काही दिसत नाही. वर्गातली दोन-चार पोरं अजून 'नाटक' म्हणतात. खेळाच्या सरांना आपण जिन्यात थांबलो होतो हे आठवतच नाही. आणि गुरुजी दुसऱ्या गावी आहेत. लोलक सोडलाय त्यांनी. आता काशाची वाटी वाजवतात, आणि तिच्या नादावरून कोणतं मूल आळशी आणि कोणतं आजारी ते ओळखतात. तिथलंही सभागृह भरलेलं असतं.

म्हणून सांगणं एवढंच. आमच्यावरही विश्वास ठेवू नका. एक दोरा घ्या, अंगठी बांधा, कागदावर दोन रेघा काढा आणि करून बघा. मग डोळे बांधून घ्या आणि कुणाला तरी तो कागद गुपचूप फिरवायला सांगा. तुमची अंगठी तुमच्याच भीतीमागे कशी निमूट जाते ते दिसेल, आणि पुढच्या गुरुजींसमोर हात जोडण्याआधी तुम्ही चकतीकडे एकदा नीट बघाल. आणि एखादं पोर म्हणालं, मला श्वास येत नाही, तर ते खरं की नाटक, हे मण्याला विचारू नका, वाटीला विचारू नका, शेजारणीला विचारू नका. ठरवायला जाणती माणसं आहेत, आणि त्यांना वेळ लागतो. तो लागू द्या. तोवर ते पोर खाली पडलेलं असेल, तर त्याला ओलांडू नका. आधी उचला.